क्षमा कोणाची, फिर्याद कोणाची?

जबलपूरहून इटारसीकडे निघालेल्या गाडीला वाटेत भिटोनी नावाचे स्थानक लागते. शहपुऱ्याला उतरावयाचे ते येथेच. (दिंडोरी जिल्ह्यातही एक शहपुरा आहे, हा तो नव्हे.) नर्मदेच्या खोऱ्यातील हा मुलूख मटारासाठी प्रसिद्ध. हिवाळ्यात हिरव्या शेंगांनी फुगलेली पोती लादून ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला रांगेने उभ्या असतात. जबलपूरचे नाव काढले की महाराष्ट्रातील ख्रिस्ती वाचकांना बहुधा लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आठवते, कारण आपल्या कितीतरी पाळकांचे शिक्षण तेथे झाले. शहपुऱ्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या कानावर गेलेले नसावे. मला ते विसरता येत नाही. त्याचे कारण एका सोळा वर्षांच्या मुलाने विचारलेला एक प्रश्न होय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतील रविवार होता. उपासना आटोपल्यावर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन थांबले. घराणे मूळचे जालन्याजवळच्या बेथेलचे, नोकरीनिमित्त इकडे आलेले. मुलाच्या डाव्या भुवईवर चार टाके होते. वर्गातील एक मुलगा वर्षभर त्याच्या नावावरून, धर्मावरून आणि त्याच्या हिंदी उच्चारांवरून त्याला छळत होता. प्रथम टोमणे, मग वह्या फाडणे, मग डबा सांडणे आणि शेवटी शाळेमागच्या मैदानात सहा-सात मुलांच्या देखत मारहाण. शाळेने ‘मुलांची भांडणे’ म्हणून विषय मिटविला होता. (मुलाचे आणि शाळेचे नाव मी देत नाही. बालन्यायाच्या प्रकरणात अशी ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे.)

आम्ही तिघे वडीलधारे तेथे होतो. आम्ही त्या मुलाला जे सांगितले ते आपण सारेच सांगत आलो आहोत. बाळा, क्षमा कर. प्रभूनेही क्षमा केली. प्रकरण वाढविण्यात अर्थ नाही. आपण येथे मूठभर आहोत. यातील शेवटचे वाक्य माझे होते, हे लपविण्यात मतलब नाही.

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने विचारले, “सर, समजा मी क्षमा केली नाही, तर मी काय करू शकतो?”

आम्हा तिघांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. तेव्हा तो म्हणाला, “मग मी क्षमा केली असं तुम्ही कसं म्हणता? मला दुसरं काही करताच येत नाही.”

वाचकहो, या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला आहे. आजही असे वाटते की, क्षमेविषयी ऐकलेल्या कित्येक उपदेशांत जे सापडले नाही ते त्या मुलाने दोन वाक्यांत सांगितले. ज्याच्यापाशी न्याय मागण्याचा मार्गच नाही, त्याच्या गप्प बसण्याला आपण क्षमा हे थोर नाव देतो. वस्तुतः ती असहायता असते. ऋणकोचे कर्ज माफ करावयाचे तर ते वसूल करण्याचा अधिकार हाती असावा लागतो. ज्याची खतावणीच कोणी मानीत नाही, त्याने ‘मी कर्ज सोडले’ म्हणण्याला काय किंमत? शुभवर्तमानातील क्षमा ही सामर्थ्यवानाची कृती आहे. राजा आपल्या दासाचे कर्ज सोडतो, कारण तो ते मागू शकत असतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की, आम्ही क्षमा करीत होतो ती आमच्या मालकीची नव्हती. टाके त्याच्या भुवईवर होते. आपल्या मंडळ्यांतून, घरांतून, वसतिगृहांतून दुसऱ्याच्या जखमेवरील क्षमा परस्पर वाटून टाकण्याची एक सवय जडली आहे. ती फार सोयीची सवय आहे. शेजाऱ्यांशी संबंध बिघडत नाहीत, संस्थेचे नाव राखले जाते, आणि वडीलधाऱ्यांना आपण धार्मिक असल्याचे समाधानही लाभते. मार खाणाऱ्याला मात्र दुसऱ्यांदा मार बसतो. या वेळी आपल्या माणसांकडून.

‘पण दुसरा गाल पुढे करावयास प्रभूने सांगितले आहे ना?’ असे कोणी विचारील. सांगितले आहे, आणि त्या वचनाची धार बोथट करण्याची माझी इच्छा नाही. मात्र ते ज्याच्या गालावर चपराक बसली त्याला उद्देशून आहे. बाजूला उभ्या असलेल्याला दुसऱ्याचा गाल धरून पुढे करण्याची मुभा त्यात नाही. शिवाय योहानाच्या अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा स्वतः प्रभूने काय केले ते पाहावे. त्याने उलट मारले नाही, आणि तो मुकाट्यानेही राहिला नाही. चूक असेल तर ती दाखवून दे, नसेल तर का मारतोस, असा जाब त्याने मारणाऱ्याला विचारला. करिंथकरांस लिहिताना पौल विश्वासणाऱ्यांना आपापसातील तंटे परक्यांच्या न्यायासनापुढे नेल्याबद्दल दोष देतो खरा. पण ते भावाभावांतील व्यवहाराचे तंटे होते. तोच पौल फटके मारण्यासाठी बांधला जात असताना आपल्या रोमी नागरिकत्वाची आठवण देतो, आणि पुढे कैसरापाशी दाद मागतो. फिलिप्पै येथील हकिकत तर मला अधिक बोलकी वाटते. चौकशीवाचून उघड्यावर फटके मारून तुरुंगात टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडून देऊ पाहतात. पौल जावयास नकार देतो. त्याला भरपाई नको, शिक्षाही नको. अपमान उघडपणे केला, तर मग त्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, एवढीच त्याची मागणी होती.

पुढच्या आठवड्यात मुलाचे वडील आणि मी जबलपूरला गेलो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ तेथे असल्याने राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालयही त्याच शहरात आहे. जिल्ह्यासाठी जिल्हा प्राधिकरण निराळे. एवढी वर्षे या कार्यालयांवरून जाणे-येणे होते, पण आत काय चालते याची मला कल्पना नव्हती. गरीब कैद्यांसाठी सरकारी वकील देत असतील, इतकाच समज. तो किती अपुरा होता हे त्या दिवशी कळले.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळावा याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, मानवी व्यापाराचे बळी, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, जातीय अत्याचाराला किंवा वांशिक हिंसेला बळी पडलेले अशा अनेकांच्या ओळीत दोन साधे शब्द आहेत: स्त्री आणि बालक. त्यांच्यापुढे मिळकतीची अट नाही. म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाला वकील मिळण्यासाठी त्याच्या बापाने दारिद्र्याचा दाखला आणावयाचा नसतो. मूल आहे, एवढे पुरे. मला हे वाचून फार बरे वाटले. भिक्षेत देणारा आधी घेणाऱ्याची लाचारी तपासून पाहतो; हक्काला तशी तपासणी लागत नाही. २०१० च्या विनियमांच्या नावातच ‘मोफत आणि सक्षम’ असे दोन शब्द जोडून आले आहेत. फुकटचे ते कसेबसे असले तरी चालेल, ही आपली नेहमीची समजूत तेथे खोडून काढली आहे. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात सगळीकडे सारखी आस्था असते असे कोण म्हणेल? आम्हाला मिळालेल्या वकीलबाई मात्र कामाच्या होत्या. खटपट चालू असता मुलाच्या वडिलांनी एकदा घरच्या ओढीने मटाराची पिशवी नेली. बाईंनी ती हसून परत केली. अशिलाकडून काहीही घेणे नियमात बसत नाही, म्हणाल्या.

अठरा वर्षे पूर्ण झाली की मात्र चित्र बदलते. महाविद्यालयात रॅगिंग सोसणारा एकोणीस वर्षांचा मुलगा कायद्याने ‘बालक’ राहात नाही. तो कोठडीत नसेल, अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, यादीतील अन्य कशातही बसत नसेल, तर त्याला राज्याने ठरविलेली मिळकतीची मर्यादा लागू होते. येथे आपल्या समाजाच्या वर्मावर बोट ठेवावे लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेतले, ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. जातीवरून शिवी देणारा त्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला विचारीत नाही, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांना कवेत घेत नाही, आणि अनुसूचित जातीचे म्हणून मोफत वकीलही मिळत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मंडल्याकडील आदिवासी ख्रिस्ती बांधवांची स्थिती निराळी आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून ठेवलेला नसल्याने त्यांना ही वाट मोकळी आहे. आपल्या तरुण संघांतून हा फरक मुलांना कोणी समजावून दिला आहे काय?

समजावून देण्याला मी इतके महत्त्व देतो त्याला कारण आहे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अरुणाचल प्रदेशातील सुकदास नावाच्या आरोपीचे अपील आले. वकिलावाचून त्याच्यावर खटला चालला होता. त्याने वकील मागितलाच नाही, ही सबब न्यायालयाने मानली नाही. आपल्याला असा हक्क आहे हे ज्याला ठाऊक नाही तो मागणार कोठून, असा विचार करून शिक्षा रद्द केली. आरोपीच्या बाबतीत हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले. मार खाऊन घरी आलेल्या, उशीत तोंड खुपसून पडलेल्या मुलाला हे कोणी सांगावयाचे? त्याच्यासमोर न्यायाधीश नसतो. आई-बाप, शिक्षक, पाळक, रविवारच्या शाळेतील ताई एवढीच माणसे असतात. १५१०० हा विधी सेवेचा आणि १०९८ हा संकटातील बालकांचा दूरध्वनी क्रमांक आपल्या किती चर्चच्या फलकांवर लिहिलेला असतो?

जबलपूरचे नाव भारतीय कायद्याच्या इतिहासात आणखी एका कारणाने कोरले गेले आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल की नाही, हा प्रश्न जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अपिलावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने, दाद मागता येणार नाही, असा निकाल झाला. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगावयास २०१७ साल उजाडले. आता योगायोग पाहा. त्याच १९७६ साली मध्य प्रदेशाने दुर्बल घटकांना विधी सहाय्य देण्याचा आपला कायदा केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत मोफत विधी सहाय्याचे ३९-अ हे कलम आले. एका हाताने वकील द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने कचेरीचे दार लावून घ्यावयाचे, असेच त्या वर्षी घडले. दार उघडे असून आत नेणारा कोणी नसणे हेही, मार खाणाऱ्याच्या दृष्टीने, दार बंद असण्यासारखेच.

त्या दाराची भीती आपल्या लोकांना का वाटते हे मला ठाऊक आहे. ३१ मार्च २०२५ रोजी मंडल्याहून जबलपूरच्या चर्चेसची यात्रा करण्यास आलेल्या कॅथलिक भाविकांना अडवून पोलीस ठाण्यात नेण्यात आले, आणि त्यांच्या मदतीस गेलेल्या धर्मगुरूंना रांझी ठाण्यापाशी पोलिसांच्या देखत मारहाण झाल्याचे वृत्त देशभर आले. संसदेतही त्याचे पडसाद उमटले. ज्या मुलाने हे ऐकले असेल त्याला ‘ठाण्यात जा’ असे सहज सांगणे क्रूरपणाचे होईल. म्हणूनच त्याच्याबरोबर चालणारा वकील हवा. ठाण्याच्या पायरीवर एकटा उभा असलेला मुलगा आणि वकिलासह उभा असलेला मुलगा, यांत फार अंतर आहे.

गाडीत परतताना मुलाच्या वडिलांनी एक जुनी आठवण काढली. ते बेथेलचे, आणि बेथेल वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव त्यांच्या घरात अजून आदराने घेतले जाते. नारायणरावांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, कोवळ्या वयाचा, त्यांच्यामागून मिशनरी मंडळींकडे राहावयास गेला. वडिलांनी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर ब्रह्मवृंदात वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणून पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. हे प्रकरण आपल्या इतिहासात आपण नेहमी एका बाजूने सांगतो, दुसरे दुसऱ्या बाजूने सांगतात. त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आले की, मिशनरी बोलले, बाप बोलला, शास्त्रीपंडित बोलले, न्यायाधीश बोलले. त्या गर्दीत श्रीपतच्या वतीने, केवळ श्रीपतच्या वतीने उभे राहणारे कोण होते? बालकाला आपल्या बाबतीतील निर्णयात बोलण्याचा हक्क आहे ही गोष्ट संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या कराराने मानली. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. मधे जवळजवळ दीडशे वर्षे गेली. आणि रविवारी चर्चच्या ओट्यावर आम्ही तिघांनी श्रीपतच्या काळचेच वर्तन केले होते.

आपल्या संस्थांविषयीही चार शब्द बोलावयास हवेत. छळ करणारे नेहमी परके असतात असे नाही. ख्रिस्ती शाळांच्या वसतिगृहांतही मोठी मुले लहानांना रात्री उठवून कपडे धुवावयास लावतात, काळ्या रंगावरून, जातीवरून, बोलीवरून हिणवतात. तेथेही ‘बाहेर बोलू नका, साक्ष बिघडते’ असे सांगितले जाते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची असते, आणि जो ती करीत नाही तो गुन्ह्यास साहाय्य करणारा समजला जातो. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या कायद्याने तडजोडीला जागाच ठेवली नाही. ज्याला कळले त्याने कळविलेच पाहिजे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडविले तर एक वर्षापर्यंत कारावास. साक्ष खरोखर कशाने बिघडते याचा निर्णय येथे कायद्याने आपल्यासाठी केला आहे, आणि तो योग्य आहे.

आता त्या दुसऱ्या मुलाविषयी. तो सतरा वर्षांचा होता. आमच्या तक्रारीवर पोलिसांनी डायरीत नोंद केली आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले, तेव्हा त्या मुलालाही त्याच कार्यालयातून, त्याच कलमाखाली मोफत वकील मिळाला. आमच्या गृहस्थांचा पारा चढला. “माझ्या मुलाला मारणाऱ्यालाही सरकार वकील देणार? हा कसला न्याय?” मलाही क्षणभर तसेच वाटले. पण त्या घराची स्थिती पुढे कळली. बाप दारुडा, तोही घरात मारतो, मुलगा मंडईत पोती उचलून शाळा शिकतो. त्याच्या वतीनेही आजवर कोणी उभे राहिले नव्हते. कायदा त्या दोघांना बालक म्हणूनच पाहत होता. किरकोळ अपराधात मंडळ समज देऊ शकते, समुपदेशनाला किंवा समाजसेवेला पाठवू शकते. तो कलंक आयुष्यभर चिकटू नये अशीही त्या कायद्यात तरतूद आहे. वैऱ्यावर प्रीती करा असे आम्ही दर आठवड्याला ऐकतो. वैऱ्याला वकील मिळाला तेव्हा मात्र आम्हाला अन्याय झाल्यासारखे वाटले. यावर मी अधिक लिहीत नाही. ते गृहस्थही या प्रश्नावर अजून माझ्याशी सहमत नाहीत.

पहिल्याच भेटीत वकीलबाईंनी आम्हा मोठ्यांना बाहेर बसावयास सांगून मुलाला विचारले होते, “तुला काय हवं आहे?” त्याला तिने मोकळेपणाने सर्व पर्याय सांगितले. काय करता येते, त्याला किती काळ लागतो, काय न मिळण्याचाही संभव आहे. तो विचार करून म्हणाला, ज्या सहा-सात मुलांच्या देखत त्याने मला मारलं, त्यांच्याच देखत त्याने काय केलं ते सांगावं. शिक्षेचं मंडळाला जे वाटेल ते करू देत.

त्याने फिलिप्पैचा अध्याय वाचला होता की नाही, मी विचारले नाही.

मंडळाचे काम आपल्या गतीने चालले. दरम्यान दोन्ही घरांच्या संमतीने, दोन्ही वकिलांच्या मध्यस्थीने एका शनिवारी शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत ती मुले जमली. तो सतरा वर्षांचा मुलगा भिंतीकडे पाहत बोलला. वाक्ये तुटक होती, पण वगळले काही नाही. डब्याचे, वह्यांचे, शिव्यांचे, मैदानातले. शेवटी ‘माफी’ हा शब्दही उच्चारला. मुख्याध्यापकांनी घाईने आमच्या मुलाकडे पाहिले. आता हात मिळवा, असे बहुधा त्यांना म्हणावयाचे होते. वकीलबाईंनी हळूच मान हलविली आणि ते थांबले.

आमचा मुलगा म्हणाला, “ऐकलं मी.” हात त्याने पुढे केला नाही. चैत्र लागला होता, मटाराचा हंगाम सरून मंडईत गव्हाची पोती येऊ लागली होती. बापलेक शाळेतून निघून स्थानकाच्या रस्त्याने घरी गेले. हात का मिळविला नाहीस, असे त्याला वाटेत कोणी विचारले नाही.